कर्ज फिटत नसेल तर काय करायचं: वही, सेटलमेंट, लोक अदालत आणि शेवटी दिवाळखोरीचा अर्ज (इंदूरच्या अनुभवावरून)

सगळ्यात आधी एक शंभर पानी वही आणा, मोबाइलमध्ये नको, वहीच. आमच्या घरी हे काम मी केलं कारण ह्यांना ते होईना, म्हणजे त्यांना आकडे माहीत होते सगळे पण एका जागी लिहायची हिंमत होत नव्हती. ह्यांची छोटी ऑफसेट प्रेस होती, लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या डायऱ्या वगैरे, लॉकडाउनमध्ये दोन लग्नसराया गेल्या आणि मग कार्डातून काढून किस्त भर, किस्त भरायला दुसरं लोन घे, इकडची टोपी तिकडे असं दोन वर्ष चाललं. रामबागेतल्या घरात सकाळचे पोहे पुढ्यात यायच्या आत फोन सुरू व्हायचे आणि हे फोन उलटा करून ठेवायचे. आईंना वाटायचं काही दुसरंच आहे. शेवटी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरले आणि वहीत पाच ओळी लिहिल्या: दोन क्रेडिट कार्डं २ लाख ३० हजार, पर्सनल लोन ४ लाख १० हजार, प्रेससाठी फायनान्स कंपनीचं ३ लाख, डायरीवाल्याचे, म्हणजे बाजारात रोजची वसुली करणाऱ्या सावकाराचे, १ लाख आणि माझ्या मावसभावाकडून हातउसने १ लाख. एकूण ११ लाख ४० हजार. आकडा वाईटच होता पण त्या रात्री हे खूप दिवसांनी झोपले, कारण त्यांच्या डोक्यात तो आकडा वीस लाखाच्या आसपास झाला होता.

तुमच्या वहीत प्रत्येक कर्जासमोर हे लिहा: मूळ किती, आज किती मागतायत, व्याज काय, काही गहाण आहे का, गॅरंटर कोण आहे, सही केलेले कोरे चेक दिलेत का, शेवटची किस्त कधी भरली, आणि कोर्टाची किंवा वकिलाची नोटीस आली आहे का. गहाण, गॅरंटर आणि चेक हे तीन रकाने सगळ्यात महत्त्वाचे, का ते पुढे सांगते. सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून वहीशी जुळवा, आमच्या रिपोर्टात एक १८ हजाराचं ऑनलाइन लोन निघालं जे हे विसरूनच गेले होते.

मग घरखर्चाचं पान. किराणा, वीज, फी, औषधं, भाडं. हे आधी काढा आणि उरेल त्यातून कर्ज, उलटं नाही. आम्ही वर्षभर उलटं केलं आणि त्यात आईंच्या बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड झाल्या, ते मला अजून टोचतं.

आता कोणाला आधी द्यायचं. जो जास्त ओरडतो त्याला आधी, असं आपण करतो आणि तिथेच फसतो. कार्डवाले आणि पर्सनल लोनवाले दिवसातून वीस फोन करतील पण त्यांच्याकडे तुमचं काही गहाण नाही, घर उचलून नेता येत नाही, त्यांना दिवाणी कोर्टातून किंवा आर्बिट्रेशनमधून म्हणजे लवादाकडून जावं लागतं. होमलोनवाली बँक मात्र शांत असते आणि किस्त ९० दिवस थकली की खातं एनपीए म्हणजे थकीत ठरतं, मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा, कोर्टात न जाताच. ती नोटीस आली तर ६० दिवसांच्या आत लेखी उत्तर आणि हरकत द्या, बँकेला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. ताब्याची कारवाई झालीच तर ४५ दिवसांत डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, जावं लागतं आणि आपल्या मध्य प्रदेशची डीआरटी जबलपूरला आहे, इंदूरला नाही, म्हणून वकील आधीच बघून ठेवा. म्हणजे राहत्या घराची किस्त पहिली, कार्ड नंतर.

कार्डाचं मिनिमम ड्यू हा तर नुसता चकवा आहे. एक लाख बाकी असेल आणि महिन्याला साडेतीन टक्के लागत असतील तर ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३० अजून, तुम्ही ५,००० मिनिमम भरलेत की मुद्दलातून ८७० रुपये गेले. आम्ही चौदा महिने असं भरलं.

वसुलीवाल्यांबद्दल. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि ऑफिसात फोन करून बदनामी हे सगळं मना आहे. कॉल रेकॉर्ड करा, तारीख वेळ वहीत, मग बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल, ३० दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, त्याला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे एक मुलगा दारात उभा राहून मोठ्यांदा बोलला, समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या. मी त्याला पाणी दिलं आणि ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र दाखव म्हटलं, त्याच्याकडे अधिकारपत्र नव्हतं, गेला. ईमेल केल्यावर घरी येणं बंद झालं. तुमचं कर्ज खरं आहे म्हणून तुम्हाला कोणी काही बोलावं असं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

मोबाइलवरच्या झटपट लोन ॲपने फोटो बिघडवून कॉन्टॅक्टमधल्या लोकांना पाठवायची धमकी दिली तर ती वसुली नाहीच, तो गुन्हा आहे, सायबर गुन्ह्यांच्या १९३० नंबरवर लगेच तक्रार. आणि डायरीवाल्यांसाठी मध्य प्रदेशात १९३४ चा साहूकार कायदा आहे, सावकारीला नोंदणी लागते. धमकावत असेल तर ठाण्यात अर्ज द्या, आणि मंगळवारची जनसुनवाई असते कलेक्टर ऑफिसला मोती तबेल्यात, तिथे लेखी द्या आणि पावतीचा शिक्का घ्या. आमच्या डायरीवाल्याने आधीच मुद्दलाच्या दीडपट घेतले होते, जनसुनवाईची पावती दाखवल्यावर तो बसून बोलायला तयार झाला.

सेटलमेंट कसं करायचं ते आता नीट वाचा कारण इथे आम्ही मार खाल्ला. एका एजंटने फोनवर सांगितलं की आज १५ हजार टाका, फाइल सेटलमेंटला लावतो, आणि ह्यांनी त्याच्या यूपीआयवर टाकले. ते पैसे खात्यात कधी दिसलेच नाहीत. म्हणून: आधी पत्र, मग पैसा. पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या ईमेलवरून हवं, त्यात लोन नंबर, ठरलेली रक्कम, किती हप्ते, कोणत्या तारखा, आणि एवढे भरल्यावर काही बाकी राहणार नाही असं स्पष्ट वाक्य. पैसे फक्त लोन खात्यात. एक तारीख चुकली तर पूर्ण सेटलमेंट रद्द होतं बहुतेक पत्रांत, तेव्हा जमेल तेवढंच कबूल करा. शेवटचा हप्ता गेला की एनओसी म्हणजे बाकी नसल्याचं पत्र मागा आणि दिलेले चेक परत मागा, ईमॅंडेट (खात्यातून किस्त आपोआप कापायची परवानगी) बंद करून घ्या. सिबिलमध्ये सेटल्ड लिहिलं जातं, क्लोज्ड नाही, आणि पुढे लोन मागताना ते आडवं येतं, हे माहीत असून करा. आम्ही केलं, पस्तावलो नाही.

यापेक्षा मला लोक अदालत बरी वाटली. नॅशनल लोक अदालत वर्षातून काही ठरलेल्या शनिवारी जिल्हा कोर्टात भरते, बँकांची टेबलं लागतात, केस दाखल नसेल तरी प्रिलिटिगेशन म्हणून प्रकरण लागतं. आमच्या कार्डांची बाकी तोवर व्याजासकट २ लाख ९० हजार झाली होती, बँकेचा माणूस २ लाखावर अडून होता, समोर बसलेल्या साहेबांनी प्रेसचे जुने आणि नवे जीएसटी रिटर्न शेजारी ठेवून बघितले आणि त्याला विचारलं की याच्याकडून दोन लाख येतील कुठून, शेवटी १ लाख २० हजार तीन हप्त्यांत. तिथला अवॉर्ड म्हणजे निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्यावर अपील नसतं, आणि कोर्टात केस चालू असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण लक्षात घ्या की हुकूम तुमच्यावरही आहे, हप्ता चुकला तर बँक सरळ वसुलीला जाऊ शकते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा वगैरे अटी आहेत, फोन १५१००. आमच्या वेळी मीही एका लोनमध्ये सहकर्जदार होते म्हणून अर्ज माझ्या नावाने केला.

आता दिवाळखोरी, ज्यासाठी बरेच जण विचारतात. इंटरनेटवर अमेरिकेतल्या चॅप्टर सात, चॅप्टर तेराचे व्हिडिओ बघून लोक समजतात की आपल्याकडेही फॉर्म भरला की कर्ज साफ. तसं नाही. आपल्याकडे २०१६ चा आयबीसी म्हणजे दिवाळखोरीचा कायदा आहे, त्यात सामान्य माणसासाठी चांगली तरतूद लिहिलेली आहे, फ्रेश स्टार्ट म्हणून, वर्षाचं उत्पन्न ६० हजारापर्यंत, मालमत्ता २० हजारापर्यंत, कर्ज ३५ हजारापर्यंत, स्वतःचं घर नसलेला, अशांचं कर्ज माफ होण्याची. पण तो भाग अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला ज्यांनी पर्सनल गॅरंटी दिली आहे त्यांच्यासाठी व्यक्तींच्या दिवाळखोरीचा बाकी भाग चालू आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या प्रायव्हेट लिमिटेडसाठी तुम्ही गॅरंटीवर सही केली असेल तर तुम्ही त्यात येता, आणि बँक तुम्हाला त्यात ओढूही शकते. बाकी तुमच्या आमच्यासाठी अजून इंग्रजांच्या काळचा कायदा आहे, मुंबई, कोलकाता, चेन्नईला १९०९ चा आणि बाकी ठिकाणी, म्हणजे इंदूरलाही, १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट. अर्ज जिल्हा कोर्टात, तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या.

अर्ज कोण करू शकतो? कर्ज फेडता येत नाही अशी स्थिती हवी, आणि मग तीनपैकी एक: कर्ज ५०० रुपयांच्या वर (हो, कायद्यात अजून तेवढाच आकडा आहे), किंवा पैशाच्या डिक्रीखाली (पैसे द्या असा दिवाणी कोर्टाचा हुकूम) अटक झालेली, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू. अर्जात काय लागतं ते तुमच्या वहीत आलेलंच आहे: कर्ज फेडू शकत नाही हे निवेदन, राहण्याचा पत्ता, सगळ्या देणेकऱ्यांची (म्हणजे ज्यांचे पैसे तुम्ही देणं लागता त्यांची) नावं, पत्ते आणि रकमा, तुमची सगळी मालमत्ता किमतीसकट आणि ती कुठे आहे, ती कोर्टाच्या हवाली करायची तयारी, आणि आधी कधी असा अर्ज केला होता का. एकही नाव लपवू नका, मावसभावाचे हातउसनेसुद्धा लिहा. कोर्ट तारीख देतं, देणेकऱ्यांना नोटीस जाते, सुनावणीत तुम्हाला प्रथमदर्शनी एवढंच दाखवायचं असतं की खरंच देऊ शकत नाही. बँक स्टेटमेंट, रिटर्न, दुकान बंद केल्याचे कागद, आजारपणाची बिलं इथे कामाला येतात.

दिवाळखोर ठरवल्याचा हुकूम झाला की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते, तो विकून सगळ्यांना हिश्श्याने वाटतो, आणि त्यानंतर साध्या देणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवीन दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण पाहिजे तर त्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, तो द्यायला वकिलाला आठवण करा. ज्याच्याकडे गहाण आहे तो मात्र आपलं गहाण विकू शकतो, होमलोन आणि गोल्डलोनवाल्याला हे कोर्ट थांबवत नाही. गहाणाचा रकाना म्हणूनच.

काय जात नाही? हे मला आधी माहीत असतं तर किती तरी रात्री वाचल्या असत्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये यादी आहे: अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, धर्माप्रमाणे बाईला उतरवता येत नाही असा दागिना म्हणजे मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि त्याचं राहतं घर, पीएफ, पीपीएफ, जीवन विम्याची रक्कम. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात, म्हणजे साध्या पैशाच्या डिक्रीत ३१ हजार पगारातून जास्तीत जास्त १० हजार जप्त होऊ शकतात. माझ्या आईने दिलेली पाटली मी डब्यात घालून मावशीकडे ठेवून आले होते, तसं करायची काही गरजच नव्हती, बायकोचं स्त्रीधन हे नवऱ्याच्या कर्जात येत नाही, ती स्वतः सहकर्जदार किंवा गॅरंटर नसेल तर. मी ज्या लोनमध्ये होते त्याच्यापुरता मात्र विचार करायला लागला.

याच्या उलट, जाणार म्हणून मुद्दाम हलवाहलव करू नका. फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीस, गाडी भावाला, असं खूप जण सुचवतात आणि सुचवणारे आपलेच असतात. दिवाळखोर ठरण्याच्या आधीच्या दोन वर्षांतली अशी बक्षिसं कोर्ट रद्द करू शकतं, शेवटच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला मुद्दाम आधी फेडलं तर तेही, आणि लपवाछपवीवर शिक्षेची तरतूद आहे. आम्हाला मावसभावाचे आधी द्यावेसे वाटत होते, त्याच्या मुलीचं लग्न होतं, पण वकीलसाहेब म्हणाले अर्ज करायचा विचार असेल तर थांबा. तो बिचारा थांबला, त्याचे उपकार विसरणार नाही.

दिवाळखोर ठरणं म्हणजे सुटका नव्हे, सुटका म्हणजे डिस्चार्ज, आणि ह्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. हुकुमातच मुदत दिलेली असते की इतक्या काळात डिस्चार्जचा अर्ज करा. तो केला नाही तर सगळं रद्द होतं आणि पुन्हा अर्ज करायला परवानगी मागावी लागते. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. डिस्चार्ज देताना कोर्ट बघतं की तुमच्या मालमत्तेतून रुपयाला आठ आणे तरी निघतात का, नसतील निघत तर तुमचा दोष नव्हता हे पटवावं लागतं: आजार, धंदा बसणं, लॉकडाउन. मागच्या तीन वर्षांचे हिशेब ठेवलेत का, सट्टा जुगार होता का, फेडू शकत नाही हे कळल्यावरही उधारी वाढवली का, हेही बघतात. म्हणून प्रेसच्या बिलबुकांची पोतीसुद्धा रद्दीत देऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. डिस्चार्ज मिळाला तरी सरकारी देणं, फसवणुकीतलं देणं आणि पोटगी सुटत नाही. आणि गॅरंटर सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात की बँक त्याच्याकडे जाणार, म्हणून ज्याने तुमच्यासाठी सही केली त्याला अर्जाच्या आधी जाऊन तोंडावर सांगा, नोटिशीतून कळू देऊ नका.

दिवाळखोर ठरल्यापासून डिस्चार्ज मिळेपर्यंतच्या मधल्या काळात निवडणूक लढवता येत नाही, कंपनीचा डायरेक्टर होता येत नाही, आणि आपण दिवाळखोर आहोत हे न सांगता ५० रुपयांच्या वर उधार घेणं गुन्हा आहे. केस वर्षानुवर्षं चालू शकते. आमचा अर्ज वकिलांनी टाइप करून ठेवला होता, अकरा पानं, पण लोक अदालतीत कार्डं मिटली, पर्सनल लोनवाल्यांनी किस्त लहान करून मुदत वाढवली, एक मशीन विकून फायनान्स कंपनीचं निम्मं गेलं, म्हणून दाखल केला नाही. माझं मत विचाराल तर विकण्यासारखं काही उरलं नसेल, देणेकरी खूप असतील आणि डिक्री, जप्ती सुरू झाली असेल तर हा अर्ज कामाचा आहे. दोन कार्डांसाठी करू नका.

चेकचा रकाना राहिला. दिलेला चेक बाउन्स झाला तर नोटीस येते, नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर केस होत नाही, नाही तर कलम १३८ ची फौजदारी केस, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, ईमॅंडेटच्या किस्तीलाही तसाच कायदा आहे. दिवाळखोरीच्या अर्जाने ही केस थांबत नाही. कोर्टाचं समन्स कधीही परत पाठवू नका, तारखेला जा, वॉरंट निघतं ते बहुतेक गैरहजर राहिल्यामुळे. बाकी नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत. दिवाणी डिक्रीतसुद्धा ऐपत असून देत नाही हे दाखवावं लागतं तेव्हा जेल, तीन महिन्यांपर्यंत, आणि बाईला तर पैशाच्या डिक्रीत अटक करताच येत नाही.

आणि एक. घरातलं कोणी फार गप्प झालं असेल, विम्याचे कागद काढून बघत असेल, तर हिशेब बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. ह्यांनी एकदा मला विचारलं होतं की पॉलिसी चालू आहे ना, आणि मी स्वयंपाकाच्या गडबडीत हो म्हणून गेले, रात्री लक्षात आलं तेव्हा हातपाय गार पडले. १४४१६ हा सरकारचा टेलीमानस नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात हिंदीतही. आम्ही केला होता फोन.

सगळं मिटलं की पत्रं, पावत्या, एनओसी, अवॉर्डची सर्टिफाइड कॉपी एका फाइलमध्ये, दोन महिन्यांनी सिबिल पुन्हा काढून बघा, चुकीचं असेल तर तिथेच ऑनलाइन डिस्प्युट टाका. आमची फाइल देवघराखालच्या खणात आहे. मागच्या महिन्यात कुठल्या तरी नव्या एजन्सीचा त्याच जुन्या कार्डासाठी फोन आला, मी अवॉर्ड आणि एनओसीचा फोटो पाठवला, नंतर परत फोन नाही आला.